वेंडेलच्या ड्रममधला रुमाल

१

ओडील फोंटनेटनं ड्रमवर पहिली काठी मारली आणि हॉलमधली कुजबुज एकदम थांबली. कौतुकानं नव्हे. ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा आवाज आला होता. तिनं पुन्हा काठी मारली. पुन्हा तोच बद्द आवाज.

आमच्या ट्रेमे वस्तीत हा आवाज शेंबड्या पोरालाही कळतो. या छोट्या ड्रमच्या पोटाखाली तारांची एक पट्टी ताणलेली असते. ड्रम खणखणतो तो तिच्यामुळे. अंत्ययात्रा चर्चमधून निघाली की ड्रमवाला तारा आणि कातडं यांच्यामध्ये रुमाल सरकवतो, आणि थडग्यापर्यंत ड्रम मुका चालतो. देह थडग्यात ठेवला, पाद्र्याचं बोलून झालं, की रुमाल ओढून काढायचा. तारा पुन्हा बोलायला लागतात, बँड उडतं गाणं धरतो आणि लोक नाचत घरी येतात. याला आम्ही देह मोकळा करणं म्हणतो.

हा ड्रम ओडीलच्या मुलाचा होता. आणि वेंडेल मेलाय असं आजवर कुणीही म्हटलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तो शिकागोला गेला असं सगळे धरून चालले होते.

त्या शनिवारी मॉर्निंग फ्रेंड्स मंडळाच्या हॉलमध्ये आमच्या वॉर्डातल्या काळ्या कलावंतांचं प्रदर्शन उघडायचं होतं. अट एकच होती, जे करायचं ते आपल्या संगीतातून आलेलं असावं. कुणी जॅझच्या जुन्या तबकड्या ऐकत रंगवलं होतं, कुणी तालावर लाकूड कोरलं होतं. मधोमध वेंडेलचा ड्रम ठेवला होता आणि त्याच्या आईनं दोन ठोके मारून उद्‍घाटन करायचं, असं ठरलं होतं. मागे भल्या मोठ्या पातेल्यात गंबो, आमचा खेकड्या-कोळंबीचा दाट रस्सा, शिजत होता. ठोके पडल्यानंतर तो कुणी खाल्ला नाही.

ओडील रडली नाही. तिनं काठ्या नीट शेजारी ठेवल्या, गर्दीतून सरळ माझ्यासमोर आली. सगळा वॉर्ड मला सर म्हणतो, तीही म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

"ओनेझिम, माझ्या पोराची कुणीतरी अंत्ययात्रा काढली. कुणी काढली ते मला शोधून दे."

"अगं, कुणाचा तरी चावटपणा असेल."

"चावटपणा करणारा माणूस ड्रमवर मिशा काढतो. रुमाल घालत नाही." तिनं माझी बाही धरली. "जायच्या आधी तो मला सांगायला आला होता. मी म्हटलं, गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. हे तुलाही ठाऊक नाही. तो माझ्यावर रागावून गप्प बसलाय की मेलाय, एवढंच मला कळायला हवं. रागावला असेल तर मी आणखी दहा वर्षं थांबेन. परवा मृतांच्या सणाला सगळ्यांबरोबर मी पण दफनभूमीत गेले, आईबापाच्या थडग्याला चुना लावला. हातात अर्धी बादली उरली आणि पुढे कुणाकडे जायचं तेच कळेना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२

वॉर्डात काही चोरीला गेलं, कुणी कुणाला निनावी शिव्या धाडल्या, की लोक माझ्याकडे येतात. पोलिसांकडे जाण्याची आमच्यात फारशी हौस नाही. माझी लायकी एवढीच की मी जन्मभर शाळेत बँड शिकवला आणि 'ट्रॉम्बोन कुणी चेपवला' हा प्रश्न तीन पिढ्यांना विचारला. खोटं बोलणाऱ्या पोराचा श्वास कुठे अडकतो ते मला ऐकू येतं. चित्रांतलं मात्र मला ओ की ठो कळत नाही.

आदल्या संध्याकाळी ड्रम स्टँडवर मीच ठेवला होता आणि बोटानं वाजवून पाहिला होता. तारा व्यवस्थित सळसळल्या. मग माझी कंबर बोलायला लागली म्हणून मी घरी गेलो. मागे तिघं राहिली आणि हॉल त्यांनीच बंद केला. सकाळी कुलूप मी उघडलं आणि लोक येईपर्यंत दारातच खुर्ची टाकून बसलो. माझ्या देखत ड्रमजवळ कुणी फिरकलं नाही. म्हणजे जे झालं ते या तिघांपैकीच कुणीतरी केलं होतं.

लूसियन डूसेट, चित्रकार. ड्रमच्या मागच्या भिंतीवर वेंडेलचं भलंथोरलं चित्र त्याचंच.

व्हर्ली डेजान, मंडळाची अध्यक्ष. मेलेल्या वाजंत्र्यांचे कोट उसवून ती गोधड्या शिवते. वेंडेलशी तिचं लग्न ठरलं होतं.

थेरॉन गिलरी, आमच्या बँडचा म्होरक्या, कर्णेवाला. चेपलेले, गळके कर्णे कापून, जोडून तो पक्षी बनवतो. वेंडेल त्याच्या पाठोपाठ ड्रम गळ्यात घालून चालायचा, दोघं लहान होते तेव्हापासून.

तिघंही माझे विद्यार्थी. बेसूर वाजवलं म्हणून तिघांनाही मी छडी मारलेली आहे.

लोक पांगल्यावर मी ड्रम उलटा केला. रुमाल पांढरा, किनार हातानं दुमडलेली, इस्त्रीचा, चार पदरी घडी. तो काढून बघावा म्हणून मी तारा सैल करायचा खटका दाबला. खटका गंजून जाम झाला होता. जोर लावला, नख खाली घातलं, काही म्हणता काही होईना. आणि तारा सैल केल्याशिवाय तिथे रुमाल काय, कागदही सरकत नाही.

म्हणजे ज्यानं रुमाल घातला त्याला हा अडेल खटका कसा उघडायचा ते माहीत होतं. मी रुमाल तसाच आत ठेवला, ड्रम काखेत मारला. तिघांनाही एकच गोष्ट सांगायची ठरवली: हा रुमाल काढ आणि विषय संपव. माणूस काय बोलतो त्यापेक्षा त्याचे हात काय करतात ते पाहायचं होतं.

बाहेर पडणार तोच मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "त्या चित्राकडे बघ. डोळे मिटलेत त्याचे. लूसियननं मेलेला माणूस काढलाय."

३

लूसियन चित्राखालीच उभा होता. अंगात जांभळा कोट, चेहरा लग्न मोडलेल्या नवरदेवासारखा.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "वर्षभर मरमर काम केलं आणि लोक बघतायत काय, तर ड्रम."

"लोक चित्रही बघतायत. डोळे मिटलेत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. सगळं निळं, डोळे मिटलेले, ओठ बंद. लूसियन, तुला काय माहीत आहे?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मला कोपऱ्यात ओढलं. "सर, तुमच्या गळ्याची शपथ, कुणाला सांगू नका. मला डोळे काढता येत नाहीत."

"काय?"

"येत नाहीत. कधीच आले नाहीत. माझं एकूण एक चित्र बघा. कुणाची टोपी खाली आलेली, कुणाला काळा चष्मा, कुणी गाण्यात तल्लीन. वर्तमानपत्रवाले लिहितात, डूसेटची माणसं आत पाहतात. आत कसली पाहतायत. बाहेर पाहायला लावली तर तिरळी होतात."

मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. मी ड्रम त्याच्यापुढे धरला. "बरं. हा रुमाल काढ. ओडील घाबरलीय. काढ आणि दोन ठोके वाजव."

"द्या इकडे." त्यानं ड्रम स्टँडवर पालथा ठेवला आणि खटका असा खेचला की स्टँडचा पाय कोलमडला. मग त्यानं तारा बोटात धरून ओढायला सुरुवात केली.

"सोड. मोडशील."

"जाम आहे हो. पण काढायलाच हवा. आणि समजा वेंडेल मेला असेल, तर कुठे ना कुठे पुरलाही असेल. शिकागोत काय माणसं रस्त्यात टाकून देतात? दोन वर्षं झाली, सर. काढा आणि वाजवा." त्यानं ड्रम परत माझ्या हातात दिला. "माझ्याकडून त्यानं एक ब्रश नेला होता, काठ्यांना रंग द्यायला. म्हटलं, आल्यावर देईल."

लूसियन बढाईखोर आहे, पण त्या खटक्याशी त्याची कधी गाठ पडली नव्हती हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

४

व्हर्लीच्या घरी इस्त्रीचा वास भरून राहिला होता. ती दारापर्यंत आली नाही.

"या सर. बसा. त्या गोधडीवर नको, ती विकलीय."

"व्हर्ली, हा रुमाल कुणाचा?"

"माझा." तिनं नजर न उचलता सांगितलं. "म्हणजे शिवलेला माझा. मंडळाच्या वार्षिक मिरवणुकीसाठी गठ्ठाभर शिवले. निम्म्या वॉर्डाच्या खिशात आहेत. तुमच्याही असेल."

होता. मी खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"काल संध्याकाळी ड्रमजवळ एकटी होतीस?"

"होते. लूसियन शिडी आणायला गेला तेव्हा. थेरॉन खायला गेला तेव्हा. लूसियनही होता एकटा, थेरॉनही होता. आम्ही काय एकमेकांच्या शेपट्या धरून फिरत होतो?" इस्त्री आपटून ती पुढे म्हणाली, "मी ड्रमला काय म्हटलं ते विचारा ना. शिव्या दिल्या. लग्नाचा झगा शिवून ठेवलेल्या बाईला न सांगता निघून जायचं, आणि नंतर भिंतीभर चित्र होऊन मिरवायचं. माझ्याच मंडळाच्या हॉलमध्ये."

"तो मेलाय असं वाटत नाही तुला?"

"असली माणसं मरत नाहीत. शिकागोत कुठल्यातरी जाड्या बाईच्या घरी लाल घेवडा ओरपत बसला असेल."

"मग काढ हा रुमाल."

तिनं ओले हात झग्याला पुसले. डाव्या अंगठ्यानं खटका खालून वर दाबला, उजव्या हातानं अर्धा वेढा फिरवला, आणि तारा सैल पडल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. दोन बोटांत रुमालाचं टोक धरून ती ओढायला निघाली.

"थांब," मी म्हणालो.

ती थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि तिला समजलं.

"त्यानंच शिकवलं होतं," ती हळूच म्हणाली. "पायरीवर बसून. सर, तुम्ही मला पकडायला आलात होय?"

५

मी ड्रम परत काखेत घेतला आणि भुरभुर पावसात चालू लागलो. हाताचा पुरावा व्हर्लीच्या विरुद्ध होता. खटका तिला येत होता, रुमाल तिचा होता, ड्रमजवळ ती एकटी होती. एखाद्या पोलिसानं तिथेच फाइल बंद केली असती.

पण मला एक गोष्ट पचत नव्हती. तिनं रुमाल काढायला हात घातला तेव्हा तो हात अडखळला नाही. आणि खरा प्रश्न रुमाल कुणी घातला हा नव्हताच. तो आतच का ठेवला, हा होता.

एखाद्यानं हॉलमध्ये एकट्यानं उभं राहून मेलेल्या दोस्तासाठी दुःखाचं गाणं म्हटलं असेल. समजू शकतो. मग शेवटी रुमाल काढून तो खिशात घालणार आणि घरी जाणार. कुणाला पत्ताही लागला नसता. ड्रमवाला वाटेत काठी विसरेल, बूट विसरेल, बायकोला विसरेल, पण रुमाल काढायला विसरत नाही. रुमाल आत राहिला म्हणजे देह मोकळा झाला नाही. आणि देह मोकळा केव्हा होत नाही? थडग्यात पोचलाच नाही तेव्हा.

ज्यानं हे केलं त्याला वेंडेल मेल्याचं ठाऊक होतं, इतकंच नव्हे. त्याला कुणी पुरलेलं नाही, हेही ठाऊक होतं.

व्हर्लीच्या लेखी तो जिवंत होता, म्हणून ती रुमाल काढायला तयार. लूसियनच्या लेखी मेला असला तर पुरलेला होता, म्हणून तोही तयार. आता एकच घर राहिलं होतं, आणि तिथे मला जायचं नव्हतं.

थेरॉन परसात पत्र्याखाली बसून एका पितळी पक्ष्याला पंख जोडत होता. आपल्या कामाकडे बघत म्हणाला, "या सर. मिस ओडील कशा आहेत?"

"वाईट आहे. तू तिथे होतास ना, पाहिलंस."

"पाहिलं."

"थेरॉन, मला कोण, का, काही नको. म्हातारी झोपायला हवी. हा ड्रम घे, रुमाल काढ, चल माझ्याबरोबर तिच्या घरी आणि दोन खणखणीत ठोके ऐकव. म्हणावं, कुणीतरी गंमत केली. खटका तुला येतो."

"येतो."

"मग काढ."

त्यानं जोडकामाची ज्योत विझवली. दोन्ही हात मांड्यांखाली घातले. लहानपणी छडी घ्यायला पुढे यायचं नसलं की तो असाच बसायचा.

"नको, सर."

"का?"

"असू दे आत."

"अरे पण का? ती बाई मरेल काळजीनं."

"माणूस थडग्यात ठेवल्याशिवाय रुमाल काढत नसतात," थेरॉन म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

पत्र्यावर पावसाचा आवाज येत होता. मी ड्रम हळूच त्या पितळी पक्ष्याशेजारी ठेवला.

"तो मेलाय असं मी म्हटलं नाही, बाळा. व्हर्ली म्हणते जिवंत आहे. लूसियन म्हणतो पुरला असेल. तो थडग्यात गेलेला नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

त्याचा श्वास अडला. कुठे अडला ते मी ऐकलं.

६

तिथे मी त्याला एकच विचारलं. मला सांगणार आहेस की तिला? तो उठला, कोट चढवला. ड्रम त्याच्या परसातच राहिला.

ओडील स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. थेरॉनला पाहून उठली आणि सवयीनं त्याच्यासाठी कॉफीचा कप काढला. दोन वर्षं तो तिचं छप्पर शाकारत होता, तिला चर्चला नेत होता, तिची औषधं आणत होता. वॉर्डातल्या आया आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देत.

"बस ना रे. भिजलास."

"उभाच राहतो, मिस ओडील."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप पुन्हा फडताळात ठेवून दिला.

त्यानं भिंतीकडे बघत सांगितलं. त्या वर्षीच्या मंडळाच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं खेकडे धरायला तलावावर गेले, पार पुढे, जिथे पाणी समुद्राला मिळतं. होडी दुसऱ्याची, न विचारता सोडलेली. वेंडेल शिकागोचं बोलत होता. थेरॉन म्हणाला, तू गेलास तर बँड संपला. शब्दानं शब्द वाढला. वेंडेल उभा राहिला. होडी कलंडली. पाण्याची ओढ जबरदस्त होती. थेरॉनच्या हाताला होडीची कड लागली, वेंडेलच्या लागली नाही.

"का नाही सांगितलंस?" हे मी विचारलं.

"कुणाला सांगू, सर? होडी चोरलेली, आदल्या दिवशी चार लोकांसमोर आमचं भांडण झालेलं, आणि मी असा काळा. कोणत्या पोलिसानं बुडाला म्हणून लिहून घेतलं असतं? म्हटलं देह वर येईल, मग सांगू. रोज किनाऱ्यावर जायचो. आला नाही. मग लोकच म्हणायला लागले शिकागोला गेला. ड्रम माझ्या गाडीत होता, तो मिस ओडीलच्या पायरीवर ठेवला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "काल त्याच्यासमोर एकटा होतो. म्हटलं, कुणीतरी याच्यासाठी चालायला हवं. हॉलमध्येच चाललो. भिंतीपासून भिंतीपर्यंत. शेवटी रुमालाला हात घातला, तर निघेना माझ्याच्यानं. पुरलंच नाही तर मोकळं काय करणार?"

"रागावला होता का माझ्यावर?" ओडीलनं विचारलं.

"नाही. म्हणत होता, आई उगाच तापलीय. रविवारी जेवायला जातो आणि समजूत काढतो."

ओडीलनं डोळे मिटले. इतका वेळ ताणून धरलेले तिचे खांदे खाली आले. मला वाटतं, दोन वर्षांत ती पहिल्यांदा श्वास घेत होती.

"ओरडला का?"

थेरॉन पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "ओरडला. म्हणाला, थेरॉन, येऊ नकोस. तुला पोहता येत नाही, तू पण जाशील. येऊ नकोस. म्हणून मी नाही गेलो, मिस ओडील. मला पोहता आलं असतं तर..."

एवढा दांडगा माणूस खुर्चीच्या पाठीला धरून हमसाहमशी रडला. ओडील उठली. त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. तेव्हाही ती रडली नाही.

मी सांगितलं, उद्या चर्च आटोपलं की पोलिसांकडे जायचं, मी बरोबर येईन. तो हो म्हणाला. मग तिचा हात क्षणभर हातात घेतला आणि एकटाच बाहेर पडला. पायरीवर तो बराच वेळ उभा होता. मग त्याची पावलं दूर गेली.

मी माझी टोपी शोधायला लागलो. एक रहस्य सोडवल्याचा आनंद माणसाला होतो म्हणतात. मला त्या घरातून पळून जावंसं वाटत होतं.

"ओनेझिम," ओडील म्हणाली. ती अजून टेबलाला धरून उभी होती. "थेरॉनला पोहता येतं."

मी टोपी खाली ठेवली.

"नऊ-दहा वर्षांचे होते दोघं. मीच पाठवलं होतं शिकायला, दोघांना एकदम. वेंडेल पाण्याला भ्याला, दुसऱ्याच दिवशी पळून आला. थेरॉन शिकला. पार त्या टोकाला जाऊन यायचा. मी किनाऱ्यावर बसून टाळ्या वाजवायचे."

"मग आता तू बोलली का नाहीस?" माझा आवाज मलाच कर्कश वाटला. "त्याला तसंच जाऊ दिलंस?"

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. खूप म्हातारी दिसत होती.

"एक मुलगा मी आज घालवला," ती म्हणाली. "एका दिवसात दोघं कसे घालवू?"

मी तिच्यासमोर बसून राहिलो. दिवा लावायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.